वाघदऱ्याचा काळा फोटो

वाघदऱ्याच्या चावडीत शिरलं की समोरच्या भिंतीवर एक फोटो दिसतो. चौकट सागाची, काच लख्ख पुसलेली, वर ताजा हार. आणि काचेमागे नुसता काळा कागद. काळा म्हणजे तव्याच्या बुडासारखा. त्यात ना डोकं दिसतं, ना पागोटं. नवखा पाहुणा चष्मा पुसतो, जवळ जातो, लांब येतो आणि शेवटी संकोचून विचारतो, "यात काय आहे?"

मग ओट्यावर बसलेले गिरधर आबा काठी टेकत उठतात. काठीचं टोक काचेच्या डाव्या कोपऱ्यावर ठेवतात आणि सुरुवात करतात. "हा धुडकू. त्याच्या शेजारी लोटन, डावा पाय पुढे. हा पुंजू, पागोटं सैल. हा दगा, हसू दाबतोय." अशी बेचाळीस नावं. पाहुण्याला वाटतं, म्हाताऱ्याच्या डोक्यावर ऊन चढलं असावं. हे आबांना ठाऊक असतं. ते चावडीवरून जाणाऱ्या एखाद्या बाईला हाक मारतात, "का गं, सातवा कोन शे?" ती थांबतही नाही. "झिपरू, कंबरवर हात," असं सांगून आपल्या वाटेनं निघून जाते. त्यानंतर पाहुणा गुपचूप खाली बसतो.

या गावाची दुसरी रीतही अशीच जगावेगळी. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आमच्याकडच्या आखाजीला, साऱ्या खानदेशात घरोघर पितरांची घागर भरतात आणि उंबरठ्यावर कुंकवाचं एकेक बोट उमटवून एकेका पूर्वजाचं नाव घेतात. वाघदऱ्यात मात्र घरच्या घागरीआधी अख्खं गाव नदीवरच्या बंधाऱ्यावर जातं. तिथं गावच्या बायका आपापल्या नवऱ्याचं नाव मोठ्यानं घेतात. उखाण्यात गुंडाळून नाही, उघडं, नुसतं. दुसऱ्या गावात सुनेनं असं केलं तर सासू तोंडाला पदर लावेल. इथं सासूच आधी घेते.

या दोन्ही गोष्टींचं मूळ एकच, आणि ते आबा सांगतात ते असं.

इंग्रजांचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. वाघदऱ्याची शेती बंधाऱ्याच्या पाण्यावर चाले. नदीला आडवी दगडी भिंत, भिंतीच्या कडेला दगडानं झाकायचं पाटाचं तोंड, तिथून निघालेला पाट आणि पाटाखाली साऱ्या गावाची मिळून पिकं. कुणाच्या वाफ्यात किती वेळ पाणी जायचं हे ठरवणारा माणूस म्हणजे पाटकरी. पाटकऱ्यानं न्याय केला तर गाव सुखी, त्यानं डोळा झाकला तर घराघरात भांडण. त्या काळी दोधू नावाचा तरुण पाटकरी होता. हातात नेहमी एक लोखंडी पहार असे. तिच्यावर त्यानं तीन खाचा पाडल्या होत्या. पाण्यात पहार उभी धरायची. पहिली खाच बुडाली तर गुडघाभर पाणी, दुसरी बुडाली तर मांडीभर, तिसरी बुडाली तर कंबरभर. त्याच्या तीन खाचांपुढे पाटलाचीही मिजास चालत नसे, असं सांगतात.

त्याची बायको झेलाबाई. लग्नाला दोन वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. ती काही फार बोलकी नव्हती आणि तोही नव्हता. पण दुपारी ती भाकरी घेऊन बंधाऱ्यावर निघाली, की तो लांबूनच पहार उंच करून दाखवी. सासरच्या माणसांदेखत नवरा-बायकोनं यापेक्षा जास्त बोलायची तेव्हा सोय नव्हती.

एका वर्षी बंधाऱ्याची भिंत खचली. गावच्या बेचाळीस जणांनी दोन महिने राबून ती नव्यानं बांधली. काम पुरं झालं त्या दिवशी बैलगाडीतून एक फिरता फोटोवाला आला. तीन पायांची घोडी, वर लाकडी पेटी, पेटीवर काळं फडकं. पाटलांनी हौसेनं बेचाळीसच्या बेचाळीस बंधाऱ्यावर उभे केले. फोटोवाल्यानं बजावलं, हलायचं नाही, काचेकडे बघायचं. दोधू सगळ्यात शेवटी, पाटाच्या तोंडाशी, पहार घेऊन उभा राहिला. झेलाबाई तेवढ्यात भाकरीची टोपली घेऊन आली आणि पेटीच्या उजव्या बाजूला, चार पावलांवर उभी राहिली. ती फोटोत नाही. तिनं फोटो निघताना पाहिला, एवढंच.

फोटोवाल्यानं दुसऱ्या दिवशी पाटलांच्या हातात एक कागद दिला आणि सांगितलं, ही कच्ची छपाई आहे, ही उजेडात ठेवू नका, काळी पडेल. पक्की प्रत मागाहून पाठवतो. पाटलांनी तो कागद पत्र्याच्या नळीत घातला. पक्की प्रत काही आली नाही, आणि पुढे जे घडलं त्यात नळीची आठवण कुणाला राहिली नाही.

त्याच वर्षी भादव्यात पूर आला. असा पूर वाघदऱ्यानं त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिला नाही. भल्या पहाटे पाणी बंधाऱ्याला येऊन भिडलं. भिंत नवी होती, ती काही हलेना. मग पाणी वळलं आणि खालच्या आळीकडे चढू लागलं. तिथं तीसेक घरं होती, त्यात म्हातारीकोतारी आणि पाळण्यातली पोरं. लोक ओरडत छपरांवर चढले. आणि एकाएकी पाणी उतरलं. आळीच्या पहिल्या पायरीला शिवून मागे गेलं.

दिवस उजाडल्यावर कळलं, पाटाचं तोंड उघडलं होतं. सगळा लोंढा तिथून पाटात आणि पाटातून पिकात शिरला होता. गावाची बाजरी मुळासकट गेली होती, वावरातली माती खरवडली गेली होती. आणि पाटकरी जागेवर नव्हता. घरीही नव्हता, मळ्यातही नव्हता.

माणूस भुकेला असला की त्याला आधी गुन्हेगार हवा असतो. वाचलेली आळी कुणाला दिसली नाही, गेलेली बाजरी सगळ्यांना दिसली. दोधूनं रात्री तोंड नीट बंद केलं नाही, पीक गेलेलं पाहिलं आणि भीतीनं पळाला, असं ठरलं. पंच बसले. म्हणाले, या माणसाचं नाव आजपासून गावात कुणी घ्यायचं नाही. पितरांत नाही, शिवीतसुद्धा नाही. जो घेईल त्याच्या वाफ्याला पाणी नाही. पाटाचं ते तोंडही अपशकुनी ठरलं. गावानं त्यात दगडमाती लोटून ते बुजवलं आणि वीस पावलांवर, वरच्या अंगाला, नवं तोंड काढलं.

पाण्याचा धाक मोठा. वाघदऱ्यानं ती आज्ञा इतकी इमानानं पाळली, की बापानं मुलालासुद्धा ते नाव सांगितलं नाही. दोन-चार वर्षांत मानमोडीची साथ आली. त्या तापानं फोटोतली अर्धीअधिक माणसं नेली, उरलेली पुढे एकेक करून गेली.

आणि झेलाबाई? तिला नाव घेता येत होतं का? बाईनं नवऱ्याचं नाव उच्चारलं की त्याचं आयुष्य घटतं, हे तिला आईनं, आजीनं, साऱ्या जगानं शिकवलं होतं. तिच्या लेखी तो गेलेला नव्हता. कुठेतरी परमुलखात होता, कुणाच्या तरी पाटावर काम करत होता, तीन खाचांची पहार पाण्यात उभी धरत होता. बायकांनी सांगून पाहिलं, कुंकू उतरव. तिनं ऐकलं नाही. एकच काम आपल्या हातात आहे असं तिला वाटे: त्याचं नाव ओठांवर येऊ द्यायचं नाही, म्हणजे तो जगेल. पण मनात एक काटा होता, आणि तो साठ वर्षं बोचत राहिला. जायचं होतं तर एका शब्दानं सांगून का गेला नाही?

पुढे देश स्वतंत्र झाला, मतदारयादी करायला माणूस आला. त्यानं विचारलं, नवऱ्याचं नाव? ती गप्प. शेजाऱ्यांना विचारलं, तेही गप्प. म्हाताऱ्यांना घ्यायचं नव्हतं, तरुणांना माहीत नव्हतं. कंटाळून त्यानं तिच्या बापाचं नाव लिहून घेतलं. अशा रीतीनं सरकारदरबारीही तो माणूस पुसला गेला. जगात एकाच डोक्यात ते नाव उरलं होतं, आणि त्या डोक्याची मालकीण ते उच्चारणार नव्हती.

मग मोठा दुष्काळ पडला. नदीत चिमणीला चोच बुडवायला पाणी नव्हतं. हिलाल पाटलांच्या घरची धान्याची कणगी रिकामी झाली म्हणून हलवली, तर तिच्याखाली पत्र्याची नळी निघाली. हिलाल पाटील म्हणजे ज्यांनी फोटो काढवला आणि पंच बसवले त्या जुन्या पाटलांचे चिरंजीव. त्यांनी नळी शाळेच्या निकुंभ गुरुजींना दिली. गुरुजींनी खोलीचं दार लावून कंदिलाच्या उजेडात कागद उलगडला आणि म्हणे त्यांच्या अंगावर काटा आला. बेचाळीस माणसं त्यांच्याकडे बघत होती. अंगरख्यावरची थिगळं मोजता येत होती. आणि खाली एकही नाव नव्हतं.

गुरुजी परगावचे होते, पण त्यांनी ते मनावर घेतलं. हे कोण आहेत हे आत्ता कळलं नाही तर कधीच कळणार नाही, असं ते दारोदार सांगत फिरले. पंचाईत अशी की कागद जितका बघावा तितका काळवंडे. कंदिलाच्या उजेडातसुद्धा रोज कडेनं थोडा करपल्यासारखा होई. तालुक्याच्या फोटोवाल्यानं निरोप पाठवला, माझा दिवा लावला तर उरलंसुरलंही जाईल. बघावं तर गमवावं लागे आणि न बघावं तर असून नसल्यासारखं. आणि जिनं ओळखावं अशी एकच व्यक्ती गावात जिवंत होती, झेलाबाई. आता सारं गाव तिला म्हणे झेलामाय. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू.

गुरुजींनी तोड काढली. रोज दिवेलागणीला ते तिच्या घरी जात. कागद घटकाभर उघडत, सहा माणसांचं वर्णन करत आणि झाकून टाकत. ती भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐके.

"पहिल्या रांगेतला दुसरा. अंगानं किडकिडीत, मिशी आहे."

"मिशी सगळासले व्हती, गुरुजी. पायनं सांगा. डावा पाय फुढे शे का?"

"आहे."

"मंग तो लोटन. देवळमा बी तसाच उभा राहे."

अशी तिची ओळखण्याची तऱ्हा. चेहरा तिला नकोच होता. कोण खांद्यावर भार टाकून उभा आहे, कोणाचं पागोटं सैल, कोणाची मूठ मिटलेली, यावरून ती माणूस सांगे, आणि नावासोबत त्याची एखादी खोडही सांगे. पुंजू झोपेत गात असे. दगाला हसू आवरत नसे, मयतीतसुद्धा नाही. धुडकूनं बायकोसाठी काटेरी बाभळीवरून पोपटाचं पिल्लू उतरवलं होतं. हे ऐकायला दारात माणसं गोळा होऊ लागली. ज्याचा आजोबा सापडे तो तिथंच खाली बसून डोळे पुशी. आपला आजा झोपेत गात असे, हे कळायला नातवाला साठी गाठावी लागली होती.

गुरुजींनी आणखी एक शहाणपणा केला. कागदाचा भरवसा नाही म्हणून त्यांनी शाळेच्या पटांगणात प्रत्येक घरच्या माणसाला त्याच्या पूर्वजाच्या जागी उभं केलं. तू धुडकूचा नातू, तू इथं. तू लोटनची पणती, तू इथं, डावा पाय पुढे. कागद विसरला तरी पाय विसरणार नाहीत, असं ते म्हणत.

सात संध्याकाळी लागल्या. सातव्या दिवशी पाच जण ओळखले आणि एकच उरला.

"हा अगदी शेवटचा," गुरुजी म्हणाले. "पाटाच्या तोंडाशी आहे. हातात पहार. पहारीवर तीन पांढऱ्या रेघा दिसतात. सगळे काचेकडे बघतायत, पण याची नजर काचेकडे नाही. उजवीकडे कुठेतरी बघतोय. हा कोण, माय?"

झेलामायचा हात कपाळाकडे गेला, म्हणे, आणि तिनं कुंकवाला नुसतं बोट लावून खाली घेतला. उजवीकडे चार पावलांवर कोण उभं होतं हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार?

"फुढे चाला, गुरुजी."

"पुढे कुणी नाही. हाच शेवटचा."

"मंग बंद करा."

बाई थकली, वयामुळे एखादं राहून जायचंच, असं लोकांना वाटलं. कुणी म्हणालं, फोटोवाल्याचा गडी असेल. गुरुजींनी वहीत बेचाळिसाव्या आकड्यापुढे लिहिलं, 'अनोळखी'. लिहिता लिहिता मोठ्यानं म्हटलंही. तो शब्द झेलामायनं ऐकला. त्या रात्री आणि पुढच्या दोन दिवसांत तिच्या पोटात अन्न गेलं नाही. बोलावं तर त्याचं आयुष्य तुटतं. न बोलावं तर तो स्वतःच्या गावात अनोळखी ठरतो. चूल पेटवायची आणि तशीच विझू द्यायची, असं तिचं चाललं होतं.

इकडे दुष्काळी कामातून बंधाऱ्याची दुरुस्ती निघाली होती. वेडू गवंडी म्हणाला, जुनं बुजवलेलं तोंड खालच्या अंगाला आहे, ते उघडलं तर थोडं पाणीसुद्धा पाटात चढेल. दगडमाती उपसत माणसं खाली उतरली. आखाजीला एक दिवस राहिला असताना वेडूची कुदळ लोखंडावर वाजली.

पहार होती. तोंडाच्या दगडाखाली तिरपी घुसलेली, तरफेसारखी. वेडूनं तो दगड चारी बाजूंनी चाचपला आणि तसाच बसून राहिला. लोकांनी विचारलं, काय झालं?

"हाऊ दगड मझारथून काढेल शे," वेडू म्हणाला. आतून काढलेला. बाहेरून काढायचा तर दोर लागतो आणि चार माणसं लागतात. एकट्यानं काढायचा तर आत उतरून, खालून पहार घालून. "पन मझारथून काढनारा माघारे येत नही. दगड सरकना का पानी त्याले तठेच दाबी टाकस."

मग त्यानं भिंतीवरची जुनी गाळाची रेघ दाखवली. पाणी तिथवर चढलं होतं. आणखी हातभर चढलं असतं तर खालच्या आळीत एक घर उरलं नसतं. वेडूचं स्वतःचं घरही त्याच आळीत होतं. पहारीजवळच्या गाळात आणखी काही सापडलं. वेडूनं ते आपल्या कोऱ्या उपरण्यात बांधून हळूच वर दिलं. त्याबद्दल आबा जास्त बोलत नाहीत.

पहार चावडीत आणली. गाळ धुतला. तीन खाचा. गुरुजींनी फोटो क्षणभर उघडला आणि मिटला; बोलायची गरजच नव्हती. जो अनोळखी होता त्याच्यामुळेच खालची आळी जगली होती. जो तो विचारू लागला, हा होता कोण?

झेलामायला कुणी बोलावलं नव्हतं. ती काठीच्या आधारानं आपली आपण आली. खाली बसून तिनं पहारीवरून अंगठा फिरवला. गुडघा, मांडी, कंबर. तिसऱ्या खाचेवर अंगठा थांबला.

"हाई मना घरनी शे," ती म्हणाली. ही माझ्या घरची.

हिलाल पाटलांचा चेहरा उतरला. नाव टाकलेला माणूस गावात एकच होता आणि ते टाकणारा त्यांचा बाप होता. त्यांना बंदी ठाऊक होती, नाव मात्र नव्हतं. गावानं ते तोंड बुजवलं तेव्हा आपल्या बापानंही दगडमातीच्या दोन टोपल्या लोटल्या असतील, आणि खाली काय आहे हे बघितलं नसेल, हे त्यांना त्या क्षणी कळलं.

झेलामाय मात्र रडली नाही. तिच्या तोंडावर साठ वर्षांत कुणी न पाहिलेलं काहीतरी होतं. "तो कोठेच गया नही," ती स्वतःशीच म्हणाली. "आठेच व्हता." परमुलखात नव्हता. तिच्या दारापासून दोन हाकांवर होता. काटा निघाला होता. पण त्यासोबत तो जिवंतही राहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आखाजी. सकाळच्या उन्हात सारं गाव बंधाऱ्यावर आलं आणि शाळेत शिकल्याप्रमाणे आपापल्या पूर्वजाच्या जागी उभं राहिलं. गुरुजी आकडा पुकारत, त्या जागचा माणूस नाव सांगे. धुडकू. लोटन. पुंजू. एकेचाळीस नावं झाली. बेचाळीस म्हटल्यावर पाटाच्या तोंडाशी मोकळी जागा होती, आणि तिथं झेलामाय येऊन उभी राहिली.

हिलाल पाटील सगळ्यांदेखत तिच्यापुढे वाकले. "माय, मना बापनी गावनं तोंड बंद करं. मी हात जोडस. नाव ल्या."

तिनं तोंड उघडलं. ओठ हलले, आवाज फुटेना. पुन्हा उघडलं. सात पिढ्यांची सवय जिभेवर बसली होती, ती काही उठेना. लोक वाट बघत होते. ऊन चढत होतं. नाव तिच्यासोबतच जाणार, असं गुरुजींना वाटलं आणि त्यांनी मान खाली घातली.

तेव्हा बायकांच्या घोळक्यातून वेडू गवंड्याची बायको यमुना पुढे आली. तिनं पदर खोचला आणि खच्चून ओरडली, "मना नवरानं नाव वेडू!"

लोक आधी दचकले, मग दोन-चार जणांना हसू फुटलं, कारण वेडू समोरच उभा होता आणि नावाप्रमाणेच तोंड वासून बघत होता. पण यमुना हसत नव्हती. ती झेलामायजवळ गेली आणि तिचा हात धरून म्हणाली, "आयुष्य कमी व्हवाव तर मना बी घरवालानं व्हवो. तुम्ही एकल्या नही."

मग दुसरी पुढे आली. मग तिसरी. पाटलीणबाईंनी "हिलाल!" म्हटलं तेव्हा पाटलांनी डोळे मिटून घेतले. ज्या बायकांनी चाळीस वर्षं 'हे' आणि 'ते' म्हणून संसार रेटले होते, त्या उन्हात उभ्या राहून नवऱ्याचं नाव घेत होत्या. कुणी पुटपुटली, कुणी रडली, एका म्हातारीनं तर मेलेल्या नवऱ्याचं नाव तीनदा घेतलं, मनसोक्त. बंधाऱ्यावर नावांचा गलका झाला आणि मग हळूहळू थांबला.

त्या शांततेत झेलामाय म्हणाली, "दोधू."

इतकंच. मग थोडं मोठ्यानं, "दोधू पाटकरी. मना नवरा."

तो आवाज पाटाच्या उघड्या तोंडातून आत गेला आणि परत आला, असं सांगतात. गावानं ते नाव साठ वर्षांनी ऐकलं आणि एकदमच उच्चारलं. झेलामायनं कपाळावरच्या कुंकवाला बोट लावलं. पुसलं नाही, बोटावर उचललं आणि वाकून तोंडाच्या दगडावर उमटवलं. पितराचं पहिलं बोट. कुणी म्हणतात, त्या क्षणी दगडाखालून पाणी आलं. आबा म्हणतात, वैशाखातल्या दुष्काळात पाणी कुठलं! पण बोटाखाली दगड ओला लागला, एवढं झेलामायनं स्वतः सांगितलं होतं, आणि ती काही उगाच बोलणारी बाई नव्हती.

नंतर ती गुरुजींना म्हणाली, "फोटो काढा. सगळासले दखाडा."

"माय, या उन्हात तो पाव तासात जाईल."

"जाऊ द्या. सगळासले एकदाव दखू द्या."

गुरुजींनी नळी उघडली. भर उन्हात तो कागद बंधाऱ्यावरून हातोहात फिरला. प्रत्येकानं आपलं माणूस पाहिलं. थिगळ पाहिलं, मिशी पाहिली, दाबलेलं हसू पाहिलं आणि कागद पुढे दिला. तो त्यांच्या डोळ्यांदेखत करपत चालला होता. शेवटी तो झेलामायच्या हातात आला. तिला कुठं काय आहे हे सांगावं लागलं नाही. तिनं उजव्या टोकाला आपला पंजा ठेवला आणि तशीच उभी राहिली. पंजाबाहेरचा सगळा कागद काळा झाला. मग तिनं हात उचलला, म्हणे, आणि त्या काळोखात एकटा दोधू लख्ख उभा होता, पहार घेऊन, उजवीकडे बघत.

गुरुजी घाईनं म्हणाले, "झाका, माय! हा एक तरी राहील."

तिनं कागद डोळ्यांपाशी नेला. किती दिसलं असेल, तिलाच ठाऊक. मग तिनं तो सूर्याकडे धरला.

"नको, गुरुजी. साठ वरीस तो एकलाच व्हता. आते त्याले बी बाकीसना संगे जाऊ द्या."

आणि दोधू इतरांबरोबर गेला.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. पण तो सगळीकडेच झाला, त्याचं श्रेय आपण घेऊ नये, असं आबा बजावतात. नवऱ्याचं नाव घेतल्यानं आयुष्य घटतं की नाही, याबद्दल मात्र ते पक्के आहेत. यमुना त्यांची आई आणि वेडू गवंडी त्यांचा बाप. तो नव्वदी ओलांडून गेला आणि आखाजीला आपलं नाव ऐकून दरवर्षी लाजायचा.

आजही आखाजीला वाघदऱ्यातली पहिली घागर पाटाच्या तोंडाशी भरतात आणि कुंकवाचं पहिलं बोट त्या दगडावर उमटतं. बोटांवर बोटं बसून दगड आता लाल झाला आहे. आजही त्या काळ्या कागदावर काठी ठेवून आबा बेचाळीस माणसं दाखवतात. शेवटच्यापाशी आले की त्यांचा आवाज खाली येतो. "आणि हा दोधू. हा काचेकडे बघत नाही."

ऐकणारा पाहुणा तोवर नकळत फोटोच्या उजव्या अंगाला सरकलेला असतो. तेव्हा आबा त्याला दंडाला धरून हलकेच बाजूला घेतात.

"इथं नका उभे राहू, भाऊ," ते म्हणतात. "इथं झेलामाय उभी आहे."